तिथं उंट येणार नाही

कापसाची बोंडं उमलायला लागली की संध्याकाळी पाचनंतर मी अंगणात उभा राहत नाही. आता आम्ही सिंदी मेघेत राहतो. घरापुढं सिमेंटचा रस्ता आहे, समोर किराणा दुकान आहे, शेजारच्यांचा टीव्ही आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. वाघ यावा असं इथं काहीच नाही. तरी कार्तिकातला तो पिवळट उजेड भिंतीवरून खाली सरकायला लागला, की माझे पाय आपोआप दाराकडे वळतात. सुनीता, माझी बायको, म्हणते, "पाच वर्षं झाली. आता तरी सोडा." मी हो म्हणतो, आत येतो आणि कडी लावतो.

परवा फोनवर कुणीतरी फोटो पाठवला. ओल्या मातीत उमटलेला पंजा, आणि तो केवढा आहे ते कळावं म्हणून शेजारी ठेवलेला पेन. खाली लिहिलं होतं, वेचणीला जाणाऱ्यांनी सावध राहा. गावाचं नाव वाचायच्या आधीच मी फोन पालथा ठेवला.

तेव्हा मी महामार्गावरच्या जामपासून थोडं आत असलेल्या एका गावातल्या शाळेत शिकवायचो. सुनीता हिंगणघाटला एका दवाखान्यात नर्स होती. एका आठवड्यात सकाळची पाळी, दुसऱ्या आठवड्यात दुपारची. मुलगी एस्तेर नऊ वर्षांची. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. शेजारी महादेवकाका आणि शेवंताकाकू राहायचे. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. घरी ही दोघंच, आणि गावाबाहेर चार एकर वावर. त्यात कापूस, तूर, आणि विहिरीजवळच्या पट्ट्यात मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. हे भाजीचं काम सगळं काकूचं. ती सकाळी जामच्या चौकात रस्त्याकडेला जुड्या मांडून बसायची आणि दुपारी पुन्हा वावरात जायची. तिला नुसतं बसलेलं मी फक्त सिनेमा बघताना पाहिलं.

तो सिनेमाचा नाद माझा. दर रविवारी हिंगणघाटच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये मी मुलांचा वर्ग घ्यायचो. नुसतं शास्त्र वाचून दाखवलं की मुलं खिडकीतून बाहेर बघायची. मग मी घराघरांत लागणारे, लहानमोठ्यांनी मिळून बघायचे असे चित्रपट वर्गात आणायला लागलो. एकात एक म्हातारी शिंपीण हरवलेल्या एका बटणासाठी सबंध घर झाडून काढते. एकात मोठा भाऊ धाकट्याची शिक्षा स्वतःच्या अंगावर घेतो. त्यांत देवाचं नावसुद्धा कुणी घेत नाही. पण म्हातारीला बटण सापडतं, ती सगळ्या गल्लीला चहाला बोलावते, आणि त्या क्षणी मी चित्र थांबवून विचारायचो, "सांगा, यात येशू कुठं दिसला?" चर्चमधले एक वयस्कर गृहस्थ नाक मुरडायचे. "देव आता पडद्यावर शोधायचा का?" मी हसायचो. येशूनं तरी गोष्टी कशाकशाच्या सांगितल्या? मेंढरांच्या, नाण्यांच्या, घर सोडून गेलेल्या पोराच्या. त्या काळच्या घराघरातल्याच तर होत्या त्या. हे मी आजही मानतो. पण त्या वेळी मला ते सोपं वाटायचं, आणि घोटाळा तिथंच होता.

रविवारचा चित्रपट मी शनिवारी दुपारी घरी एकदा बघून ठेवायचो. माझा जुना लॅपटॉप स्टुलावर, एस्तेर माझ्या मांडीला टेकून, आणि दाराच्या उंबऱ्याशी शेवंताकाकू मेथी निवडत. तिला गोष्ट आवडायची. हिंदी पूर्ण कळायची, आणि नाही कळलं तिथं ती स्वतःचं काहीतरी घालून घ्यायची.

त्या वर्षी वाघाची बातमी आधी दुरून आली. नाल्यापलीकडच्या गावात कालवड मारली म्हणे. मग ती आमच्या शिवारात आली. कुणाला वावराकडं जाणाऱ्या ओल्या पांदणीत पाऊल दिसलं, कुणाला तुरीतून पिवळं काही जाताना दिसलं. दोन दिवसांनी एका गोऱ्ह्याचं अर्धं धड सापडलं. मग सगळं बदललं. वनखात्याची माणसं गाडीवरून सांगत फिरली की एकट्यानं जाऊ नका, चारच्या आत घरी या. वेचणीच्या बाया येईनाशा झाल्या. ज्या आल्या त्या दहा-बारा मिळून यायच्या, डबे बडवत जायच्या आणि डबे बडवतच परतायच्या. कापूस फुटून झाडावर लोंबत राहिला. एरवी त्या दिवसांत पांढरं वावर बघून गाव खुशीत असतं. त्या वर्षी ते पांढरं बघवत नव्हतं, कारण त्याच्या पलीकडं तूर उभी होती, डोक्याच्याही वर गेलेली, दाट, पिवळ्या फुलांवर आलेली. वारा नसताना तूर हलली की माणसं बोलता बोलता थांबायची.

मी स्वभावानंच भित्रा. लहानपणी विहिरीत वाकून बघायचीसुद्धा माझी हिंमत नव्हती. शाळा सुटली की मी एस्तेरचा हात धरून घर गाठायचो, ते सकाळीच बाहेर निघायचो. सुनीता बसमधून उतरून गावापर्यंत येईस्तोवर खिडकीशी उभा राहायचो, आणि ती दिसली की रागावल्यासारखं करायचो. कशाला रागावलो ते मलाच कळायचं नाही. रात्रीच्या प्रार्थनेत मी मोठ्या आवाजात म्हणायचो, प्रभू, आम्हाला निर्भय कर. आणि आमेन म्हणून झाल्यावर मागच्या दाराची कडी पुन्हा बघून यायचो.

अशातल्याच एका शनिवारी मी तो उंटाचा चित्रपट लावला. मिठाचा एक तांडा वाळवंटातून चाललेला असतो. वादळात गाढवाचं एक पिल्लू मागं राहतं. तांड्यात एक म्हातारा लंगडा उंट आहे. तो बाकी सगळ्यांना खडकाच्या आडोशाला बसवतो आणि त्या एका पिल्लासाठी परत वादळात जातो. पिल्लू सापडतं, पण कोल्ह्यांची टोळीही तिथंच असते. उंट पिल्लाच्या आणि त्यांच्या मध्ये पाय रोवून उभा राहतो.

मी चित्र थांबवलं. "एस्तेर, येशू कुठं दिसला?"

"उंट!" ती लगेच म्हणाली.

"बरोबर. सगळ्यांना ठेवून एकासाठी गेला."

उंबऱ्यावरून काकू म्हणाली, "मास्तर, त्या उंटाले भेव नाई वाटत का?"

मी शिक्षकाच्या सवयीनं उत्तर दिलं. "विश्वास असला की भीती राहत नाही, काकू."

"असं?" ती म्हणाली. मेथीच्या काड्या वेगळ्या करता करता तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "आमच्या वाघोबाले म्या नारळ फोडला. तरी मले भेव वाटून राह्यलं." मग ती उठली. "सांभार काढाचा आहे. उद्या रविवार, गिऱ्हाईक असते. जाऊन येतो."

मी म्हणालो, "काकू, एकट्या नका जाऊ."

"दोन वाजले आत्ताशी. तीनले येतो वापस."

ती गेली. उरलेला चित्रपट आम्ही दोघांनीच बघितला. त्यानंतर मी वह्या तपासायला घेतल्या. सुनीताची त्या आठवड्यात दुपारची पाळी होती, ती आठशिवाय येणार नव्हती.

साडेपाचला महादेवकाका दारात आले. काका सत्तरीचे, कमी बोलणारे. पायात चप्पल नव्हती. "मास्तर," ते म्हणाले, "थे आली नाई अजून."

"कोण?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"तीनले येतो म्हने. फोन लावून राह्यलो मी कवाचा. वाजते, पण उचलत नाई."

मागं गल्लीत चार-पाच माणसं जमली होती. कुणी ट्रॅक्टर काढायला गेलं होतं. ट्रॅक्टर नाल्याकडून फिरून येणार आणि काही जण पांदणीनं सरळ जाणार असं ठरत होतं. काका माझ्याकडं बघत होते. "येता का?" त्यांनी विचारलं.

तो क्षण मी पुष्कळदा आठवून बघितला आहे, आणि दर वेळी मला त्यात मी स्वतः आवडत नाही. माझ्या तोंडून निघालं, "काका, एस्तेर एकटी आहे हो घरी. सुनीता यायची आहे."

कारण खरं होतं. म्हणूनच मी ते इतक्या चपळाईनं धरलं. काकांनी मान हलवली. त्यांना ते पटलंही असावं.

एस्तेर माझ्या मागं उभी होती. ती म्हणाली, "मी आतून कडी लावून बसते. तुम्ही जा."

मी वळून बघितलं.  तीही माझ्याइतकीच घाबरली होती.

"बाबा, जा ना," ती म्हणाली. "तिथं उंट येणार नाही."

मी चपला घातल्या.

गाव संपून पांदण लागेपर्यंत आम्ही चौघे होतो. काका, मी, आणि गावातले दोन तरणे गडी, एकाजवळ टॉर्च आणि एकाजवळ पत्र्याचा डबा. सूर्य बुडाला होता, पण उजेड होता. तो उजेडच वाईट होता. काळोख असता तर निदान दिसलंच नसतं. त्या उजेडात प्रत्येक झुडूप बसलेल्या जनावरासारखं दिसत होतं. डब्यावर काठी पडली की मला बरं वाटायचं, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत माझ्या कानांत रक्ताचा आवाज यायचा. कुठंतरी दूर वानर खोकल्यासारखं ओरडलं. पुढचा गडी थबकला. "वानर उगाच नाई ओरडत," तो म्हणाला. 

पांदण जिथं संपते तिथून काकांची तूर सुरू होते. तुरीच्या पलीकडं विहीर आणि पाण्याच्या मोटारीची खोली. मध्ये धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जेमतेम एका माणसाला जाता येईल एवढीच वाट. दोघं गडी तिथं थांबले. "ट्रॅक्टर येऊ द्या काका. लाइटात जाऊ." ते शहाणपणाचं बोलत होते. नाल्याकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, पण लांबून.

काका थांबले नाहीत. ते तसेच अनवाणी धुऱ्यावर चढले आणि चालायला लागले. मी त्यांच्या पाठीकडं बघत उभा राहिलो. मळकट सदरा, वाकलेले खांदे, दोन्ही बाजूंनी तूर. तेव्हा मला कुठलाही चित्रपट आठवला नाही, शास्त्रातलं एक वचनही आठवलं नाही. आठवलं असतं तर बरं झालं असतं. मला फक्त लाज वाटली. सत्तर वर्षांचा माणूस एकटा चालला आहे आणि मी उभा आहे, एवढीच. त्या लाजेनं मला धुऱ्यावर चढवलं.

 तुरीचं पान बाहीला घासलं की अंगावर काटा यायचा. काका पुढं चालत होते आणि हाका मारत होते. पण त्यांची हाक म्हणजे, "अवो... अवो..." लग्नाला पन्नास वर्षं होत आलेली, त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलेलं नव्हतं. आणि तेवढ्या भीतीतही ते त्यांच्या तोंडातून निघेना. "अवो..." ते म्हणायचे, आणि तो आवाज तुरीच्या दोन ओळींपलीकडंही पोचत नसावा, वाऱ्यात तिथंच विरत होता.

म्हणून मी ओरडलो. "शेवंताकाकू!"

माझा आवाज फाटला. शाळेत पन्नास पोरांना गप्प करणारा आवाज तो. तिथं तो बकरीच्या पिल्लासारखा कापत निघाला. मी पुन्हा ओरडलो. आणि पुन्हा. ओरडताना वाटत होतं, आपण वाघालाच सांगतो आहोत की आम्ही इथं आहोत.

तेवढ्यात समोर काहीतरी खणकन पडलं.

मी किंचाळलो. काकांनी माझं मनगट धरलं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, श्वास न घेता. मग काकांनी वर बोट दाखवलं. मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर, कडुनिंबाची फांदी टेकते तिथं, साडीचा पदर हलत होता. खाली सिमेंटच्या ओट्यावर पितळी डब्याचं झाकण गरगर फिरून शांत होत होतं.

काकू वर होती. जिवंत होती. ती आमच्याकडं बघत होती आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

पुढचं लवकर झालं. ट्रॅक्टर आला, त्याच्या उजेडात सगळं वावर पिवळं झालं, माणसं ओरडत धावली. काकूला खाली उतरता येईना, पाय बधिर झाले होते. मी आणि त्या दोघा गड्यांपैकी एकानं तिला खांद्यावर घेऊन उतरवलं. काका तिच्यासमोर उभे राहिले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्या डोक्यावरून गुंडाळला, जणू पाऊस पडत होता.

काय झालं ते तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांभाराच्या जुड्या बांधताना तिला मान वर करावीशी वाटली. का वाटली ते माहीत नाही. धुऱ्यावर वाघ उभा होता, तिच्याकडंच बघत. ती पळाली नाही. पळता आलंच नाही. तो हळूच तुरीत शिरला, आणि तेव्हा कुठं ती कडुनिंबाला धरून स्लॅबवर चढली. कमरेला बांधलेला भाकरीचा डबा तेवढा सोबत गेला. फोन खाली पिशवीत राहिला, फांदीला टांगलेला. काकांनी फोन लावायला सुरुवात केली तेव्हा तो खाली वाजत राहिला. "एकदा वाजला, दोनदा वाजला," ती म्हणाली. "दर खेपेले मले वाटे, आता थो आवाज आयकून येते वापस. म्या हात जोडले फोनपुढं. बंद होय बाप्पा, म्हनलं." सकाळी लोक जाऊन आले. मेथीच्या ओल्या वाफ्यात पाऊल होतं, जेवणाच्या ताटलीएवढं. पुढं तो वाघ त्या शिवारातून निघून गेला. कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. पिंजरा आला तो तसाच रिकामा परत गेला.

त्या रविवारी मी वर्गात चित्रपट लावला नाही. मुलं हिरमुसली. मी त्यांना बागेतली गोष्ट सांगितली. पकडून नेण्याच्या आधीच्या रात्री येशू जैतुनांच्या बागेत गेला, मित्रांना म्हणाला की माझ्याबरोबर जागे राहा, आणि प्रार्थना करताना त्याला घाम फुटला, रक्ताच्या थेंबांसारखा. मी ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल. प्रत्येक वेळी तो घाम मी घाईनं ओलांडून पुढं जायचो, क्रूसाकडं, पुनरुत्थानाकडं. त्या दिवशी मी तिथंच थांबलो. "त्याला भीती वाटली होती," मी मुलांना सांगितलं. "तुमच्यामाझ्यासारखीच. तो ती घेऊनच गेला." एक मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही तर म्हणाला होता देवाला भीती वाटत नाही." मी म्हणालो, "मी चुकीचं सांगितलं होतं."

चित्रपट मी अजूनही दाखवतो. सिंदी मेघेतल्या मुलांना दाखवतो. फक्त आता मी वेगळ्या ठिकाणी थांबवतो. धाडस करणारा धाडस करतो तिथं नाही, त्याच्या थोडं आधी, जेव्हा तो दारात उभा असतो आणि त्याच्याजवळ न जाण्याचं एक चांगलं, खरं कारण असतं. चित्रपटात हा भाग फार छोटा असतो. कधी कधी नसतोच. मग मुलांना मी विचारतो, इथं त्याच्या मनात काय चाललं असेल?  माझी एस्तेर आता चौदाची आहे, मागं बसून लहानांना सांभाळते. ती तेव्हा पडद्याकडंच बघत असते. तिला माझं ते कारण आठवत असेल का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

काकूला तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी मी तिला बघायला गेलो. काका बाहेर वैरण कापत होते. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला.

मी म्हणालो, "काकू, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. विश्वास असला की भीती नसते म्हणून."

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर दिसून राह्यलं होतं."

मग तिनं पाठीमागची उशी सरळ केली. "मास्तर, म्या सगळ्याईचे आवाज आयकले होते. ट्रॅक्टरचा आयकला. डबा आयकला. आमच्या ह्यायचं 'अवो' बी आयकलं, पण थे वाऱ्यानं आलं का खरं होतं ते समजे ना. वाटे, भासच होते. मंग तुमी माह्या नावानं हाक मारली. थो आवाज एवढा कापत होता! म्या म्हनलं, हा भास नाई. हा मास्तरच होय. एवढं भेव घेऊन दुसरं कोन येईन?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले.

"पन ओ देता नाई आलं मले," ती म्हणाली. "तुमी तीनदा हाक मारली. तिन्ही खेपेले म्या तोंड उघडलं. घसाच सुकला होता. जीभ हालेच ना. मंग डब्याचं झाकनच खाली टाकलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमच्या चर्चात तुमी सांगता ना पोराईले, का देव हाक मारते, मानूस ओ देत नाई म्हनून? त्याईले रागावत नका जाऊ मास्तर. आयकू येते सगळं. मानसाले ओ द्याची असते, पन तोंडातून निघत नाई."

बाहेर काकांची वैरण कापायची खचखच थांबली. ते दारात आले, हात धुतलेले, ओलेच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. घसा खाकरला.

"शेवंता," ते म्हणाले, "मास्तरले च्या मांडू का?"

काकूनं माझ्यादेखत डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. "मांडा," ती म्हणाली.